मंडईतलं सूप, प्रदर्शनातला कंदील

पुण्या-मुंबईत भाऊबीज झाली की दिवाळी आवरायला घेतात. झाडीपट्टीत ती तेव्हा कुठे रंगात येते. ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा, आरमोरी, कुरखेडा या धानाच्या पट्ट्यात भाऊबिजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दोन शेजारी गावांची मंडई एकाच दिवशी येऊ नये याची काळजी घेतात, नाहीतर गर्दी फुटते आणि दोन्हीकडचे दुकानदार शिव्या घालतात. लेकी-जावई मुक्कामाला येतात. सोयरीक बघायची असेल तर त्याच गर्दीत दुरून बघून घेतात. बलिप्रतिपदेला गायगोधन करून आलेले गोवारी ढाली नाचवत फिरतात, कुठे दंडार रंगते, कुठे खडी गंमत, आणि रात्र नाटकाची. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटकांचं मुख्य ठाणं. तिथल्या कंपन्या दिवाळीनंतर निघतात त्या होळीपर्यंत गावं घेत राहतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीची पुन्हा एकदा आठवण झाली.

नाटकाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे आणि पुढेही लिहिलं जाईल. मंडईच्या दुसऱ्या कडेला, शिंगाडे आणि ऊसवाल्यांच्या रांगा संपतात तिथे जे लोक जमिनीवर माल मांडून बसतात, त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. बुरडांची सुपं, टोपल्या, परड्या, डाल्या. लोहाराचे विळे. कुंभाराची गाडगी-मडकी. यांच्या डोक्यावर मंडप नाही, मागे फलक नाही, हस्तकला हा शब्द तर आसपासही नाही. तरी सणाच्या दिवसांत हातानं घडवलेल्या वस्तू घडवणाऱ्यानंच विकण्याची रीत पाहायची असेल तर चंद्रपूर-गडचिरोलीत ती इथेच पाहावी. प्रदर्शनं नंतर आली.

मंडई याच दिवसांत का भरते, याचं उत्तर शेतात आहे. हलका धान दिवाळीच्या आगेमागे कापणीला येतो, भारी धान मार्गशीर्षापर्यंत रेंगाळतो. मग बांधणी, चुरणं, उफणणी, पाखडणं. म्हणजे भाऊबिजेला मंडईत घेतलेलं सूप पंधरा दिवसांत कामाला लागणार. टोपली, धान भरायची ढोली, खळ्यावरचा झाप, सगळ्यांची गरज एकदमच पडते. गिऱ्हाईक हौसेनं येत नाही, घरातलं जुनं सूप मागच्या हंगामात फाटलं म्हणून येतं. घेताना तो ते उजेडाकडे धरून बघतो, कडेची बांधणी बोटानं दाबतो, पुढची धार जमिनीवर टेकवून सरळ आहे का पाहतो. इतकं चोखंदळ गिऱ्हाईक मी कुठल्याही कलादालनात पाहिलेलं नाही. भाव मात्र तो बेताचाच देतो.

आता दुसरी जत्रा. दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी महिला बचतगटांची प्रदर्शनं लागतात. 'उमेद' अभियान २०११ साली सुरू झालं, आणि ते रुजलं तशी या प्रदर्शनांची संख्या वाढली. जिल्ह्यात मिनी सरस, मुंबईत महालक्ष्मी सरस, दिल्लीत आदिवासी कारागिरांसाठी आदि महोत्सव. कापडी मंडप, एकसारखी टेबलं, गटाचं नाव लिहिलेला फलक, उद्घाटनाला पालकमंत्री किंवा जिल्हाधिकारी. टेबलावर मोहाचे लाडू, हातसडीचा तांदूळ, मध, आणि बांबूच्या वस्तू: आकाशकंदील, टेबललॅम्प, पेनस्टँड, मोबाइल ठेवायची बैठक, घड्याळ, राख्या, पुष्पगुच्छाची टोपली. इथल्या मांडणीत सूप क्वचित दिसतं. दिसलंच तर तळहाताएवढं, रंगवलेलं, भिंतीवर टांगायचं.

दोन्ही जत्रा एकाच महिन्यात भरतात, एकाच जंगलातल्या बांबूवर चालतात. आणि दोघींच्या भावात असा उलटा हिशेब आहे की तो नीट बघावा असं मला वाटतं. कारागिरी म्हणून तोललं तर सूप कंदिलापेक्षा कितीतरी अवघड. पैसे कंदिलाला जास्त.

अवघड म्हणजे किती? बांबू ओला हवा. तो उभा चिरायचा, पेरं सोलायची, मग एकेक चिरफळी पाठ आणि पोट अशी वेगळी करायची. पाठ म्हणजे वरची हिरवी साल, चिवट आणि टिकाऊ; पोट म्हणजे आतला मऊ भाग. सुपाच्या कोणत्या जागी पाठीची काडी आणि कुठे पोटाची, हे ठरलेलं असतं. काड्यांची जाडी डोळ्यांच्या आणि अंगठ्याच्या अंदाजानं एकसारखी करायची. विणताना पुढचा भाग सपाट, मागचे दोन कोपरे उचललेले आणि मधे किंचित खोल, कारण पाखडताना वारा पुढून निघून जायला हवा आणि दाणा मागे सरकायला हवा. शेवटी काठाला जाड कांबीची गच्च बांधणी. हे सगळं करून दिवसाकाठी होणारी सुपं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. शिकायला बालपण लागतं. बुरडाच्या घरात पोरं खेळता खेळता काड्या ओढायला लागतात, आणि धारेनं बोट कापल्याची खूण नसलेलं बोट त्या घरात सापडत नाही.

कंदील तुलनेनं सोपा. साच्यावर काड्यांचा सांगाडा उभा करायचा, आत कागद किंवा कापड, वर वार्निश. चांगला कंदील करायलाही हात लागतो, हे कबूल. पण महिनाभराच्या शिबिरात जमतो. कंदिलाला जास्त पैसे मिळतात ते तो घेणाऱ्याच्या खिशामुळे. धान पिकवणाऱ्याच्या हाती दिवाळीत रोकड नसते. सूप विकत घेणारा स्वतःच पुढच्या महिन्यातल्या धानाच्या चुकाऱ्याकडे डोळे लावून बसलेला. कंदील घेणाऱ्याला नुकताच बोनस मिळालेला.

म्हणून बचतगटातल्या बायकांनी कंदील करावेत यात चूक काहीच नाही. चंद्रपूरच्या मीनाक्षी वाळके यांनी 'अभिसार इनोव्हेटिव्ह' या नावानं बांबूच्या राख्या, बिल्ले, शोभेच्या वस्तू करायला घेतल्या, कितीतरी बायकांना शिकवलं, आणि त्यांच्या राख्या परदेशातही गेल्या. सणाच्या बाजाराचं अचूक भान त्यात आहे. राखी लहान, वजनाला हलकी, टपालानं जाते, फुटत नाही, आणि दरवर्षी नवी लागते. सुपाला यांतलं काहीही लागू पडत नाही. खटकतं ते हे की प्रशिक्षण, अनुदान, मंडप, बक्षीस सगळं कंदिलाच्या बाजूला गेलं आणि पिढीजात विणणारा बुरड मंडईच्या कडेला तसाच उकिडवा बसून राहिला.

या समाजाला आपल्या कामाचा अभिमान कमी नाही. बसवण्णांच्या काळातले शरण मेदार केतय्या हे त्यांचे संत. बाराव्या शतकात कल्याणमध्ये बांबूकाम करून पोट भरणारा हा माणूस आज केतेश्वर म्हणून पूजला जातो. लग्नात मुलगी सोपवताना वरपक्षाच्या डोक्यावर धरायची दिव्यांची झाल बुरडाकडूनच येते. बाळंतिणीच्या खोलीत सूप लागतं, आणि तिरडीचा बांबूही कुणीतरी याच हातांनी चिरलेला असतो. ज्याच्यावाचून घरातलं एकही कार्य होत नाही, त्याच्या मालाला पंधरा-वीस रुपये जास्त द्यायला मात्र आपण घासाघीस करतो.

दिवाळीच्या खरेदीची यादी नीट वाचली तर तीसुद्धा कारागिरांचीच यादी आहे. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी हवी, ती मांग समाजाच्या बायका शिंदीच्या पानांची बांधतात. पणत्या, बोळकी आणि मातीची लक्ष्मी कुंभाराची. लाह्या भडभुंज्याच्या. विदर्भातल्या कुंभाराचा तर पोळ्यापासून कार्तिकापर्यंत श्वास घ्यायचा हंगाम नसतो: मातीचे बैल, मग गणपती, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींनी मांडायच्या भुलाबाई, लगेच पणत्या आणि लक्ष्म्या. आणि हे सगळं अशा महिन्यांत, जेव्हा पाऊस माती वाळू देत नाही आणि भट्टीला कोरडं सरपण मिळत नाही. कच्च्या पणत्यांचा ढीग घरातल्या एकमेव कोरड्या खोलीत, आणि माणसं ओसरीवर, हे चित्र कुंभारवाड्यात नवं नाही. या कामात सुधारणा व्हावी म्हणून गांधीविचाराच्या कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी भद्रावतीला ग्रामोदय संघ उभा केला. माती, चाक, भट्टी, झिलई या सगळ्यांवर तिथे काम झालं, दूरदूरचे कुंभार शिकून गेले. भद्रावतीची मातीची भांडी आजही ओळखली जातात. साच्यातल्या रंगीत पणत्या बाहेरून ट्रकनं येतात, त्यांच्याशी चाकावरच्या पणतीनं भावात टक्कर द्यावी अशी अपेक्षा मात्र मिरमिरांनीही केली नसती.

सुताराची गोष्ट वेगळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. लहान पोरं चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून ओढत आणतात, घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नागपूरकर भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात. श्रावण लागला की चंद्रपूरच्या बाजारात वीतभर उंचीपासून पोराच्या खांद्यापर्यंतचे नंदी उभे राहतात. सागवानी नंदी उत्तम, आणि तीच त्याची खोट: आजोबांचा नंदी नातू ओढतो, मधल्या साठ वर्षांत सुताराला त्या घरातून दुसरं काम नाही. टिकाऊ वस्तू करणाऱ्याचा धंदा टिकत नाही, हे अर्थशास्त्र त्याला कुणी शिकवायला नको.

सागवानाचा विषय निघाला म्हणून. मार्च २०२३मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान निघालं तेव्हा शोभायात्रा निघाली, फुलं उधळली गेली. आलापल्लीच्या जंगलातला साग देशात नावाजलेला, आणि तो मंदिराच्या दारांना लागला याचा आनंद जिल्ह्यानं मनापासून केला. दारं घडली मात्र दुसरीकडे. लाकूड इथून जायचं आणि घडवण्याची मजुरी बाहेर राहायची, ही या दोन जिल्ह्यांची जुनी रीत आहे. बांबूची तीच, टसरच्या कोशाची तीच, तेंदूपानाची तीच.

त्यामुळे कारागिराबद्दल बोलायचं तर आधी त्याच्या हातातला बांबू कुणाचा, हे विचारावं लागतं. १९२७च्या भारतीय वन कायद्यानं बांबूला झाडांत मोजलं. गवताच्या कुळातलं हे रोप कागदावर वृक्ष झालं, आणि तोडायला, न्यायला परवाना आला. जंगलाच्या कुशीत राहणारा बुरड डेपोतून मिळणाऱ्या बांबूसाठी रांगेत उभा राहिला. मिळाला तर कधी जून, कधी वाळलेला, विणायला निरुपयोगी. त्याच काळात बल्लारपूरची कागद गिरणी मोठमोठ्या पट्ट्यांवरचा बांबू करारानं नेत होती. दिवाळी अंकांची परंपरा का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासून, म्हणजे १९०९पासून मोजतात. मधल्या दशकांत त्यांतल्या कितीतरी अंकांच्या कागदात या जंगलातला बांबू मुरलेला असणार. वाचकाच्या हातात तो कमी दरात पोचला, कारण जंगलातून तो कमी दरात उचलला गेला होता.

हा हिशेब पहिल्यांदा मोडला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावानं. आमच्या गावात आम्हीच सरकार, असं म्हणणारं हे गाव, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे महाराष्ट्राला माहीत झालं. २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं. त्या कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद मिळाला तरी बांबू गावाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखातंच देणार, म्हणजे किल्ली पुन्हा त्यांच्याकडेच. तो पेच सुटायला आणखी दोन वर्षं गेली. २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढच्या वर्षी गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला हजारएक हेक्टरांवर हक्क मिळाला. पाचगावनं तर तेंदूपान तोडायचंच थांबवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात. बांबूवर गावाचा रोजगार उभा केला. २०१७ साली खासगी जमिनीतला बांबूही कायद्यानं झाडांतून बाहेर काढला.

आता बांबू गावाचा झाला, लिलावानं विकला जाऊ लागला, मजुरी गावात राहिली. एवढं मोठं काम झालं. पण लांब बांबूचे गठ्ठेच अजूनही ट्रकमध्ये चढतात. गठ्ठा विकण्याऐवजी त्याच बांबूची वस्तू करून विकली तर गावात किती पैसा राहील, हा प्रश्न ग्रामसभांच्या पुढ्यात आहे आणि त्याचं उत्तर सोपं नाही. वस्तू करायची तर शिकवणारा हवा, अवजारं हवीत, कीड लागू नये म्हणून प्रक्रिया हवी, आणि मुख्य म्हणजे विकत घेणारा हवा.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींसाठी चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. २०१४ साली ते मंजूर झालं, तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी ते उचलून धरलं. बांबूची वर्गवारी, बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवणं, यंत्रावर काड्या काढणं, फर्निचर, दागिने, असं सगळं तिथे शिकवतात. पदविका अभ्यासक्रमही आहे. बांबूतच उभारलेली केंद्राची देखणी इमारत फेब्रुवारी २०२१मध्ये आगीत जळाली. त्या बातमीनं अनेकांना चुटपूट लागली. प्रशिक्षण त्यानंतरही चालू राहिलं. चिचपल्लीहून शिकून गेलेले हात जिल्ह्याच्या प्रत्येक प्रदर्शनात भेटतात, हे या केंद्राचं खरं काम. माझी तक्रार एवढीच की अशा केंद्रांतून बुरड शिकणारा म्हणून येतो, शिकवणारा म्हणून कमी. सुपाची वीण हा अभ्यासक्रमातला एक धडा म्हणून बुरडाच्या घरातल्या आजीनं शिकवावा, तिला मास्तरीणबाईचं मानधन मिळावं, असं झालं तर दोन जत्रांमधलं अंतर थोडं तरी कमी होईल.

मुरवलेल्या आणि न मुरवलेल्या बांबूचा फरक गिऱ्हाइकाला कळत नाही. पिवळसर भुकटी गळायला लागली की कळतो. बांबूत पिष्ट असतं, भुंग्याला ते आवडतं. सुपाचं आयुष्य दोन-तीन हंगामांचं, वरून शेणानं सारवलेलं, चुलीच्या धुरात टांगलेलं. त्याला भुंगा क्वचित शिवतो. लॅम्प मात्र बंद दिवाणखान्यात वर्षानुवर्षं राहणार. म्हणून प्रक्रियेचा खर्च त्याच्या किमतीत आलाच पाहिजे. प्रदर्शनात एकाच आकाराचे दोन कंदील वेगळ्या भावानं दिसले तर बहुतेकदा फरक इथे असतो.

विकत घेणारा, हा चौथा प्रश्न सगळ्यात जुना. त्याचं एक टोक वरोऱ्याजवळ आनंदवनात सापडतं. १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, १९५१मध्ये आनंदवन वसलं. कुष्ठरोग झालेल्या माणसांनी खडकाळ जमिनीतून भाजी पिकवली, दूध काढलं, आणि वरोऱ्याचा बाजार ते घेईना. माल उत्तम, भाव वाजवी, पण हात कुणाचे लागलेत या भीतीनं गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, रुग्णांबरोबर बांधकामाला लागले, त्यांच्यासोबत जेवले, तेव्हा कुठे गावकऱ्यांची भीती ओसरायला लागली. पुढे याच हातांनी विणलेल्या सतरंज्या आणि चादरी, रंगवलेली भेटकार्डं शहरांतल्या प्रदर्शनांतून विकली गेली. कितीतरी घरांतून दिवाळीची शुभेच्छापत्रं आनंदवनाची जात. दया म्हणून कुणी घेऊ नये, वस्तू चांगली आहे म्हणून घ्यावी, हा बाबांचा हट्ट होता. तो हट्ट आजच्या बचतगटांच्या मंडपात थोडा पातळ झालेला दिसतो. 'ताईंना मदत म्हणून घ्या' असं निवेदक ध्वनिक्षेपकावरून सांगतो तेव्हा टेबलामागच्या ताई दुसरीकडे बघतात.

दुसरं टोक सावलीत. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. नाग विदर्भ चरखा संघाचं खादी आणि कोशाचं काम इथलं. १९३६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन सावलीला भरलं होतं, गांधीजी स्वतः आठवडाभर होते. त्याच्या आदल्या वर्षी अखिल भारतीय चरखा संघात एक कडाक्याचा वाद झाला होता. कातणारीला मिळणारी मजुरी तिचं पोट भरण्याइतकी नव्हती. गांधीजींनी धरून बसून ठराव करून घेतला की आठ तासांच्या चांगल्या कामाला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, त्यासाठी खादी महाग झाली तरी चालेल. खादी भांडारवाले घाबरले. गिऱ्हाईक तुटेल म्हणाले. ते भय काही अंशी खरंही ठरलं. पण हातमालाचा भाव बाजारातल्या गिरणीच्या मालाशी ताडून न ठरवता कामाच्या तासांवरून ठरवायचा, हा विचार त्या ठरावात होता. नव्वद वर्षं होत आली, सुपाला तो अजून लागू व्हायचा आहे. भामरागडच्या बाजूला तर एकेकाळी व्यापारी मिठाच्या बदल्यात माडिया आदिवासींकडून चारोळी उचलत. १९७३च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला त्या सुमाराच्या या गोष्टी. तासांवरून भाव ठरवायची भाषा त्या बाजारात कुणाला कळली असती?

कोशाबद्दल दोन ओळी हव्यातच. नागभीड, आरमोरीच्या जंगलात ढिवर लोक ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सोडतात, पाखरं हाकलत दिवसच्या दिवस झाडाखाली काढतात. त्या कोशाचं सूत विदर्भातल्या मागांवर चढतं आणि करवतकाठी साडी होते, जिला भौगोलिक मानांकन आहे. दिवाळीच्या प्रदर्शनात हीच सगळ्यात महाग वस्तू. तिच्या किमतीत झाडाखाली बसलेल्या ढिवराचा वाटा किती, हे साडीला लावलेल्या चिठ्ठीवर लिहीत नाहीत.

एक अडचण अशी आहे की ती शहरातल्या कुठल्याही हितचिंतकाच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. दिवाळीचं पंचांग आणि जंगलाचं पंचांग जुळत नाही. पावसाळ्यात बांबूला वास्ते फुटतात, कोवळे कोंब वर येतात. त्या महिन्यांत तोड बंद असते, आणि असायलाच हवी. तोड सुरू होते ऑक्टोबरच्या पुढे. म्हणजे दिवाळीच्या कंदिलाचा बांबू मागच्या हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात तोडून, मुरवून, वाळवून, कोरड्या जागी ठेवलेला असावा लागतो. त्यात पैसा सहा-आठ महिने अडकतो. बचतगटाच्या खात्यात तेवढा पैसा असतो का? असला तरी जूनमध्ये तो धानाच्या बियाण्यात आणि पोरांच्या शाळेत जातो. मग ऐन अश्विनात, म्हणजे मागणी येते तेव्हा, हलका धान कापणीला आलेला. कंदील बांधणारे हात तेच आणि विळा धरणारेही तेच. कापणीची मजुरी त्याच संध्याकाळी मिळते. कंदिलाचे पैसे प्रदर्शन संपल्यावर, विकले गेले तर. बाई कुठे जाईल?

म्हणून आठ दिवस आधी 'पाचशे कंदील पाहिजेत' असा फोन करणारा कितीही मोठा साहेब असो, त्याचा उपयोग नसतो. या धंद्याला ज्यांनी खरा टेकू दिला ते वेगळे लोक आहेत. पोळ्याच्या आधी मागणी नोंदवून अर्धे पैसे हातावर ठेवणारा एखादा शहरातला दुकानदार. दरवर्षी तेवढ्याच भेटवस्तू लिहून देणारी एखादी पतसंस्था. उरलेला माल परत न पाठवता स्वतःच्या ओसरीवर मांडून विकणारी एखादी शिक्षिका. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या छायाचित्रात यांतलं कुणी नसतं. ताडोबाला येणारा पर्यटक हे आणखी एक गिऱ्हाईक. त्याचा हंगाम ऑक्टोबरपासून जूनपर्यंत पसरलेला, त्यामुळे तो दिवाळीच्या गर्दीपेक्षा भरवशाचा. त्याला वाघाचं चित्र असलेली किचेन हवी असते, हे दुःख वेगळं.

आणि गावातलं गिऱ्हाईक? ते कमी होतंय. मळणीयंत्र आलं, पंखा आला, धान पोत्यांतून थेट खरेदी केंद्रावर जाऊ लागला. घरी साठवायची ढोली नवी कुणी करून घेत नाही. प्लास्टिकचं सूप मंडईतच, बुरडाच्या शेजारीच, लाल-निळ्या रंगांत मिळतं. स्वस्त आहे, भिजत नाही, आणि पाखडायला अगदीच टाकाऊ, कारण दाणा त्यावरून घसरतो. बायकांना हे ठाऊक आहे. म्हणून घरात रोजच्या वापराला प्लास्टिकचं आणि धानाच्या दिवसांत बांबूचं, अशी दोन सुपं दिसतात. लक्ष्मीपूजनाला, लग्नाला, हळदीला प्लास्टिकचं सूप अजून कुणी पुढे केलेलं नाही. शास्त्रानं जे राखलं ते शासनाला राखता आलेलं नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण लग्नाच्या सुपांवर वर्षभराचं घर चालत नाही.

मंडईचा हंगाम उतरला तरी या लोकांचं फिरणं थांबत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला एटापल्लीकडे सुरजागडला ठाकूरदेवाची जत्रा, माघात चिमूरच्या बालाजीची घोडायात्रा, महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याची, चैत्रात चंद्रपूरला महाकालीची. मार्कंड्याला टोपल्या-परड्या खपतात, महाकालीला पूजेच्या परड्या आणि पाळणे. याच चार महिन्यांत जंगलात तोड चालू असते, आणि ग्रामसभांचे लिलावही याच सुमाराला होतात. येत्या दिवाळीला कुणाला हजार कंदील हवे असतील तर त्यांचा बांबू चिमूरच्या जत्रेच्या आधी तोडून, महाकालीच्या यात्रेपर्यंत मुरवून, रोहिण्या लागायच्या आत छपराखाली गेला पाहिजे. ऑर्डर द्यायची ती तेव्हा.